सांडूअण्णांच्या गावाचं पान

परवा सकाळी खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि मी चहाचा कप ओट्यावर तसाच ठेवून, दोन बादल्या घेऊन जिना उतरले. साठी उलटलेली बाई अशी धावते याचं आमच्या सोसायटीत आता कुणाला हसू येत नाही, सगळेच धावतात. पाइपाशी ढकलाढकल चाललेली. टँकरवर चढून बसलेला माणूस तंबाखू मळत म्हणाला, "कायकू भागते बाजी, सबको मिलता." मिळतं, नाही असं नाही. पण पहिला पोचतो त्याचे ड्रम भरतात आणि शेवटी पोचतो त्याच्या वाट्याला तळाचा गाळ येतो. परवा मी शेवटून दुसरी होते.

वर येऊन पाण्यात तुरटी फिरवली आणि पंख्याखाली बसले. ओल्या पाइपाचा वास हाताला लागून राहिला होता. हा वास आला की मला एक उन्हाळा आठवतो, आणि तो आठवू नये असं मला फार वाटतं. तेव्हाही असाच दुष्काळ होता. जायकवाडीत किती पाणी उरलं ते रोज पेपरात यायचं आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचायचं, घरात आजारी माणसाचा ताप सांगावा तसं. तिकडं धरण आटत होतं आणि इकडं शहर वाढत होतं. माझ्या खिडकीतून पूर्वी मोकळं रान दिसायचं. त्या वर्षी तिथं दहा मजली इमारतीचा सांगाडा उभा राहिला आणि त्याच्या फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव रंगवलेला. मी अर्ध्या तांब्यात तोंड धुवायचे आणि रोज तो तलाव बघायचे. संताप व्हायचा. संताप मला लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते.

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते. परीक्षा संपलेल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आलेले, लाल पेन हातात. माझी पुतणी मुक्ता इंजिनिअरिंगला होती आणि माझ्याकडंच राहायची. तिच्या कॉलेजात त्या मोठ्या मुक्त ज्ञानकोशाची कार्यशाळा झाली. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, कुणीही वाचावा, कुणीही लिहावा, आणि कुणाचंही लिहिलेलं कुणीही दुरुस्त करावं. घरी येऊन म्हणाली, "आत्या, तिथं मराठीत इतक्या चुका आहेत ना, तुझं डोकं फिरेल."

फिरलं. पहिल्या संध्याकाळी मी नुसत्या वेलांट्या दुरुस्त करत तीन तास बसले. दुसऱ्या दिवशी नाव नोंदवलं. खरं नाव कशाला, म्हणून 'दौत' हे नाव घेतलं, आणि आपल्याबद्दल लिहायच्या पानावर हौसेनं शाळेचं नाव मात्र टाकलं. मुक्तानं मला दोन नियम शिकवले. एक, दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर उचलून डकवायचा नाही. लेखकाच्या हक्काला तिथं प्रताधिकार म्हणतात, आणि त्याचा भंग झाला की मजकूर तडकाफडकी जातो. दोन, भाषा तटस्थ हवी. कौतुक नको, निंदा नको, लिहिणाऱ्याचं मन कुठं दिसता कामा नये.

हे दोन नियम हातात आले आणि मला काय बळ चढलं म्हणून सांगू! कुठल्याशा नगरसेवकाच्या पानावर 'कार्यसम्राट, तरुणांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी' असं ओळीनं लिहिलेलं. सगळं उडवलं. उरलं काय? 'ते नगरसेवक आहेत.' त्या रात्री मला छान झोप लागली. एका मंगल कार्यालयाचं पान होतं, 'प्रशस्त, हवेशीर, पार्किंगची उत्तम सोय.' अख्खं पान काढायला लावलं. मेथी निवडताना काड्या टाकतो तशी मी विशेषणं निवडून टाकत होते. शाळेत पोरं ऐकत नव्हती, नळ ऐकत नव्हता, डोळ्यांदेखत शहर वाट्टेल तसं पसरत होतं, आणि इथं मात्र मी एक बटण दाबलं की खोटं नाहीसं होत होतं.

शिवाय हे आमच्या रक्तातलंच. आमचे पूर्वज देवगाव रंगारीकडचे, दोन-तीन गावांचं कुलकर्णीपण, म्हणजे गावाचं दप्तर लिहायचं काम, त्यांच्याकडं. मौजे अमुक, शिवार तमुक, पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायरान. त्यात लिहिणारा कुठंच नाही. लहानपणी आजोबांच्या ट्रंकेतले ते कागद मी बघितले होते, आणि त्या कोरड्या, नेमक्या अक्षराचा मला अभिमान होता. अजूनही आहे, तो काही जात नाही. फक्त आता त्याच्यासोबत दुसरंही काहीतरी येतं.

ते गाव मला असंच फिरता फिरता सापडलं. बिडकीनजवळचं, पैठण तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही ते पान उघडाल, आणि तिथं माझं लिखाण आहे. तेव्हा त्या पानावर भलामोठा मजकूर होता. 'आमच्या गावच्या विहिरीनं आजवर कुणाला पाठ दाखवली नाही,' इथून सुरुवात. मग शेतांची नावं. प्रत्येक शेताला नाव आणि त्या नावाची हकीकत. चिंचमळा. लांडग्याचं टेपाड. सवतीचं वावर: 'दोघी सवती घरात बोलत नसत, पण निंदताना एकीची ओळ मागं पडली की दुसरी न सांगता तिच्या ओळीला लागे.' पुढं माणसं. 'गोदाक्का सुईण, अर्धं गाव जिच्या हातात पहिल्यांदा रडलं.' असं पानंच्या पानं.

मी ते वाचलं. चांगलं होतं का? होतं हो. शाळेत निबंध म्हणून आलं असतं तर वर्गात वाचून दाखवलं असतं. पण मी त्या वेळी बाई नव्हते, दौत होते. 'आमच्या गावच्या' हा काय प्रकार? ज्ञानकोशात 'आमच्या' कोण? संदर्भ कुठाय? आणि अगदी तळाशी गेले तर तिथं मुद्रकाचा उल्लेख, मुखपृष्ठाबद्दल आभार, 'मूल्य: अमूल्य', आणि त्याखाली 'सर्व हक्क स्वाधीन'. ज्यानं कुणी हे डकवलं होतं त्यानं पुस्तकातलं ते पानसुद्धा सोडलं नव्हतं. चोरानं मुद्देमालासोबत पावतीही आणून द्यावी, असं ते मला वाटलं आणि मी एकटीच हसले.

काढलं सगळं. कारण लिहिलं: प्रताधिकारित पुस्तकातील मजकूर, आत्मपर व स्तुतिपर भाषा. पानावर एक ओळ ठेवली: 'हे पैठण तालुक्यातील एक गाव आहे.'

दुसऱ्या दिवशी मजकूर परत आला. मी परत काढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चर्चेच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, 'सर का काढायलेत? समदं खरं हाय.' मी उत्तरात नियमांचे दुवे दिले, चांगले चार. चौथ्यांदा मजकूर आला तेव्हा मी प्रचालकांकडं, म्हणजे तिथल्या व्यवस्था बघणाऱ्यांकडं, तक्रार केली. त्यांनी ते खातं पंधरा दिवसांसाठी बंद केलं आणि जुना मजकूर इतिहासातूनही झाकून टाकला, म्हणजे मागं जाऊनही कुणाला दिसू नये. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं.

निकालाचं काम चाललं होतं तेव्हा शाळेत एक बाई आल्या. पस्तिशीच्या, पातळाचा पदर डोक्यावरून घेतलेल्या, उन्हानं चेहरा लाल झालेला. शिपायाला विचारत होत्या, "दौत सर कुटं भेटतील?"

मी पुढं झाले. "मीच. काय काम आहे?"

"तुमी बाई हायेत?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मी शोभा. आमचं गाव तुमीच काढलं ना?"

शिक्षकांच्या खोलीत सगळे माना वर करून बघायला लागले. मी त्यांना व्हरांड्यात घेऊन गेले. त्यांनी पिशवीतून एक पुस्तिका काढली. फिकट गुलाबी कव्हर, बत्तीस पानं, पिना गंजलेल्या. मी शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. "हे बघा, सर्व हक्क स्वाधीन. तुम्हीच टाइप केलंय."

"मंग? छापेल हाय तर टाइप नको का करायला? एक अक्षर सोडलं नाय म्या. अंगणवाडीहून आले की दुपारचं बसायचे. महिना लागला, बाई. हा अंगठा बघा."

त्यांनी खरंच अंगठा पुढं केला. मी बघितला नाही. म्हणाले, "अहो, पण या ओळीचा अर्थ असा की लेखकाच्या परवानगीशिवाय कुणी हे वापरू नये."

"लेखक माहे सासरे हायेत. सांडूअण्णा. घरातच हायेत ते. त्यायनंच सांगितलं टाक म्हनून."

"मग ही ओळ कुणी टाकली?"

"प्रेसवाल्यानं. अण्णानं इचारलं तं म्हनला, समद्याच पुस्तकावर टाकतो मी. अण्णाला वाटलं शोभंसाठी असंल."

मला हसू आलं आणि ते तोंडातच विरलं, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सांगितलं ते असं. अण्णांची नजर गेलेली, पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. मोबाईलवर मजकूर बोटानं मोठा करून दाखवला की तेवढं दिसतं. पहिल्या दिवशी पान दाखवलं तेव्हा म्हणाले, आपलं गाव आता जगात गेलं. मग रोजचं झालं. दुपारी जेवण झालं की, दाव गं शोभा. आणि आता पान उघडलं की एकच ओळ निघते.

"म्या सांगितलं, नेट नाय. आठ दिवस झाले, रोज नेट नाय म्हनायले. किती दिवस म्हनू?"

बंद केलेलं खातं मी काही उघडू शकत नव्हते. पण एक वाट होती. लेखकानंच लेखी परवानगी दिली तर मजकूर परत ठेवता येतो. भाषेचं मग पुढं बघता आलं असतं. मी म्हणाले, रविवारी येते. मुक्ताकडून परवानगीचा नमुना छापून घेतला. ती म्हणाली, "आत्या, नीट वाचून दाखव हं त्यांना." मी तिच्यावर खेकसले. मला वाचायला शिकवते!

पैठण रोडला काळीपिवळीत बसले, मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघे लावून. बिडकीनला शोभाताई स्कूटीवर घ्यायला आल्या होत्या. गावाकडं वळलो आणि मी चक्रावलेच. विमान उतरेल एवढे रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, दुभाजकात वाळलेली रोपं, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात आम्ही दोघी आणि एक म्हैस. कारखाने अजून यायचे होते. जमिनी गेलेल्या होत्या, गावठाण तेवढं राहिलं होतं. एका फलकापाशी शोभाताईंनी गाडी हळू केली. फलकावर भूखंडाचा आकडा होता. त्या म्हणाल्या, "हे सवतीचं वावर." नंतर असाच दुसरा फलक आला. "इथं ईहिर व्हती." मी बघितलं तर काळा कुळकुळीत डांबरी रस्ता.

सांडूअण्णा बाजेवर बसून होते. ऐंशीच्या पुढचे, काटकुळे, शर्ट स्वच्छ धुतलेला. त्या दिवसांत शर्ट धुणं म्हणजे काय ते ज्यांनी टँकरचं पाणी वापरलंय त्यांनाच कळेल. निजामाच्या काळात चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले, मराठी नंतर स्वतःच्या स्वतः वाचायला शिकले. मला पाण्याचा काठोकाठ भरलेला तांब्या दिला. आमच्याकडं पाहुण्याला तेव्हा अर्धा पेला मिळायचा.

"बाईचं गाव कोन्तं?" त्यांनी विचारलं.

"देवगाव रंगारीकडचे आम्ही. कुलकर्णीपण होतं आमच्याकडं." अभिमानानंच सांगितलं मी.

"व्हय का. बरं, बरं," ते म्हणाले.

मी सगळं समजावलं. ज्ञानकोश म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, ती ओळ कशी आडवी आली. अण्णा मान डोलावत होते. रागाचं नावसुद्धा नाही. "चूक माहीच. प्रेसवाल्याला तवाच इचाराया पायजे व्हतं. आना कागद, करतो सही. पर आधी वाचा."

मी वाचायला लागले. 'या मजकुराचा वापर करण्याची, प्रसार करण्याची आणि त्यात बदल करण्याची मुभा मी सर्वांना कायमस्वरूपी देत आहे. ही परवानगी मागे घेता येणार नाही.'

"थांबा," अण्णा म्हणाले. "बदल म्हंजी?"

"म्हणजे कुणी सुधारणा करू शकतं. कमी-जास्त."

"कोन?"

"कुणीही."

"इचारून?"

"विचारावं लागत नाही, अण्णा. तिथला नियमच तसा आहे. सगळ्यांचं सगळ्यांनी लिहायचं."

"मंग उद्या कुनी गोदाक्काचं नाव काढलं तर?"

गोदाक्काचं नाव पहिल्या दिवशी मीच काढलं असतं. संदर्भ नाही, उल्लेखनीय व्यक्ती नाही. सवतींची हकीकत काढली असती, विहिरीनं कुणाला पाठ दाखवली नाही हे काढलं असतं. सही झाल्यावर घरी जाऊन मी तेच करणार होते, आणि तेही चांगल्या मनानं.

"अन् माघारी घेता येत नाय म्हनता."

"नाही."

अण्णांनी हात लांब केला, मी कागद दिला. अक्षर तर दिसत नव्हतं. बोटांनी चाचपून बघितला. "बाई, असाच एक कागद मागं माह्यापुढं आला व्हता. त्याच्यात बी कायमचं लिहेल व्हतं, अन् माघारी घेता येनार नाय. समद्यायनं सही केली, म्या बी केली. तक्रार नाय माही. पर आता माह्या नावावर ही बत्तीस पानंच हायेत. तेवढी तरी ऱ्हाऊ द्या."

शोभाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सासऱ्यांकडं. मला खरं तर तिथंच उठायला हवं होतं. पण मी कसली उठते! मी म्हणाले, "मग असं करू का, अण्णा? तुमच्या पुस्तकातली माहिती घेऊन मी माझ्या शब्दांत लिहिते. त्याला परवानगी लागत नाही. खाली तुमच्या पुस्तकाचं नावही येईल."

अण्णा म्हणाले, "पयल्यापासून असंच हाय, बाई. आमी सांगायचं अन् तुमी लिहायचं. एक डाव म्हनलं आपुनच लिहावं. बरं, लिवा तुमी."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. टोमणा असता तर मी भांडले असते. परतीच्या काळीपिवळीत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. आजोबांच्या ट्रंकेतला एकेक कागद डोळ्यांपुढं येत होता, आणि पहिल्यांदाच मनात आलं की त्या गावातल्या कुणी आजोबांना कधी म्हटलं असेल का, हे असं नव्हतं, जरा माझं ऐकून लिहा. म्हटलंही असेल. कागदावर ते नाही एवढंच मला माहीत आहे.

मी मन लावून लिहिलं, खोटं कशाला बोलू. उत्तरपत्रिका संपल्या होत्या, सुट्टी लागली होती. दोन आठवडे नुसती त्या लेखामागं होते. वाचनालयात बसून जुनं गॅझेटियर चाळलं, जनगणनेची पुस्तकं काढली. गावाचं स्थान, हवामान, पिकं, शाळा, जमीन संपादन, पाण्याची सोय. विहिरीबद्दल लिहिलं, 'गावात एक सार्वजनिक विहीर होती.' शेतांच्या नावांना दुसरा कुठलाच आधार मिळेना, म्हणून एक वाक्य केलं: 'शेतांना स्थानिक नावे होती.' प्रत्येक वाक्याला संदर्भ. एकही कौतुकाचं विशेषण नाही. मुक्तानं वाचून सांगितलं की इतका स्वच्छ लेख तिनं मराठीत बघितला नव्हता.

मे संपत आला असताना मी पुन्हा गेले. मोबाईलवर पान उघडून अक्षर मोठं केलं आणि अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या, डोळे दुखायला लागले म्हणून म्हणाले, तुमीच वाचा. मी वाचलं. वर्गात वाचते तसं, स्वच्छ आवाजात, शेवटच्या संदर्भापर्यंत.

"आयकलं," अण्णा म्हणाले. "समदं खरं हाय. एक बी चूक नाय." मग जरा पुढं वाकले. "पर यात मानसं कुटं हायेत, बाई?"

"आहेत की, अण्णा," मी म्हणाले. "वर लोकसंख्या दिलीय ना."

खरंच म्हणाले मी असं. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. आवाज माझ्याच कानावर पडला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शोभाताई आत निघून गेल्या. अण्णा हसले नाहीत, चिडले नाहीत. "असं व्हय," म्हणाले, आणि मोबाईल दोन्ही हातांनी नीट धरून मला परत दिला. "शोभा, बाईला च्या ठिव."

चहा घेतला. काय बोललो ते आठवत नाही. निघताना अण्णांनी गुलाबी पुस्तिकेची एक प्रत दिली. असू द्या तुमच्याकडं, म्हणाले. त्या वर्षी जूनअखेर पाऊस बरा झाला, शाळा सुरू झाली, टँकर थांबले. दुष्काळ संपला की माणूस किती पटकन विसरतो. मीही तलावाचा फलक विसरले, अर्धा तांब्या विसरले. हे मात्र गेलं नाही. ज्ञानकोशावर मी पुढंही काम करत राहिले. सोडून दिलं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण सोडलं नाही. कार्यसम्राट अजूनही खुडते, आणि ते खुडलेच पाहिजेत. दुसऱ्याचं लिहिलेलं उचलू नये, हेही मला पटतं. दोन्ही नियम बरोबर आहेत. म्हणूनच तर झोप उडते; चुकीच्या नियमावर निदान खापर तरी फोडता आलं असतं.

तो लेख कुणी बदलला नाही. उलट वर्षभरानं त्याला चांगल्या लेखाचा मान मिळाला, नव्या लोकांना तटस्थ भाषेचा नमुना म्हणून तो दाखवतात. अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. शोभाताईंनी फोन करून कळवलं होतं. त्या आता शहरातच राहतात, गारखेड्याच्या बाजूला, एका फ्लॅटमध्ये. त्यांनाही टँकरच. मी एकदा धीर करून विचारलं होतं, अण्णांना शेवटी पान दाखवायचात का? म्हणाल्या, "नाय बाई. त्यायनं पुन्हा कधी मागितलंच नाय."

परवा तुरटी फिरवलेलं पाणी निवळेपर्यंत मी ती पुस्तिका काढून बसले होते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क राहतो; मग पुस्तक सगळ्यांचं होतं, कुणाची सही लागत नाही. मी हिशेब केला आणि शेवटच्या पानावर, त्या छापील ओळीखाली, पेन्सिलनं ते साल लिहिलं. मी तेव्हा नसेन. म्हणून मुक्ताला फोन लावला. ती आता पुण्यात असते, तिच्या मागं शंभर कामं. तिला म्हटलं, हे पुस्तक मी तुझ्या नावानं ठेवते आहे. त्या साली हे जसंच्या तसं त्या पानावर ठेवायचं.

"आत्या, तेव्हा मी ऐंशी ओलांडलेली असेन."

"मग काय झालं? ओलांड की."

ती हसली.

"अगं, पण हक्क संपले तरी भाषेचा नियम राहीलच ना," ती म्हणाली. "ते पुन्हा काढतील. तुझ्यासारखं कुणीतरी तिथं असेलच."

"असेल," मी म्हणाले. "असतंच."